हुकूमशाहीच्या सेवेंतील कला

हितोपदेशांत एक गोष्ट आहे. यज्ञासाठीं घेतलेला बोकड खांद्यावर टाकून एक ब्राह्मण घरीं चालला होता. तीन ठकांनीं तो पाहिला आणि ते त्याच्या वाटेवर थोड्या थोड्या अंतरानें बसून राहिले. "महाराज, कुत्रा खांद्यावर कां घेतला?" असें पहिल्यानें विचारलें, तेव्हां ब्राह्मण रागावला. दुसऱ्यानें तेंच विचारलें, तेव्हां त्यानें बोकड खालीं उतरवून नीट निरखून पाहिला. तिसऱ्यानेंहि तेंच म्हटल्यावर मात्र त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. बोकड तेथेंच टाकून व स्नान करून तो घरीं गेला, आणि ठकांचा बेत सिद्धीस गेला.

ही गोष्ट ऐकून ब्राह्मणाच्या भोळेपणाचें हंसूं येतें. परंतु तो वाटतो तितका मूर्ख नव्हता. एका माणसाचें सांगणें त्यानें मानलें नाहीं. दुसऱ्याचें ऐकल्यावर त्यानें प्रत्यक्ष पडताळा पाहिला. त्याची चूक एवढीच झाली कीं, तीन तोंडांतून आलेला शब्द हा तीन स्वतंत्र माणसांचा शब्द आहे, असें तो समजला. त्या तिघांचा आपसांत कट आहे हें त्याला ठाऊक नव्हतें. आणि त्या वाटेनें चौथा वाटसरू कोणी आला नाहीं. तो आला असता, तर "अहो, हा तर बोकड!" एवढे चार शब्द पुरे झाले असते.

विसाव्या शतकांतील हुकूमशहांनीं कला व प्रचार यांचा जो उपयोग करून घेतला, त्याचें मर्म या गोष्टींत आहे. हिटलरच्या उदयाची हकीकत सांगतांना त्याचें वक्तृत्व, त्याच्या प्रचंड सभा आणि त्याच्या साथीदारांचें प्रचारकौशल्य यांचें वर्णन बहुधा गारुड्याच्या खेळासारखें केलें जातें : पुंगी वाजली आणि सारें राष्ट्र डोलूं लागलें. १९१९ पासून १९४५ पर्यंतचा जर्मनीचा इतिहास सनावळीप्रमाणें तपासला, म्हणजे मात्र निराळें चित्र दिसतें. वाटेवर चौथा वाटसरू होता तोंपर्यंत ही पुंगी निम्म्या जर्मनीलाहि डोलवूं शकली नाहीं. त्याला दूर केल्यावर ती सर्वांना ऐकूं आली. कारण दुसरें कांहीं ऐकूं येण्याची सोयच उरली नाहीं.

जर्मनी हें अडाणी लोकांचें राष्ट्र नव्हतें. गटे व शिलर यांचें वाङ्मय, बाख व बेथोवेन यांचें संगीत आणि जगांतील विद्वानांना आकर्षून घेणारीं विद्यापीठें, ही त्याची संपत्ति होती. १९३२ सालीं त्या देशांत लहानमोठीं मिळून सुमारें ४,७०० वृत्तपत्रें निघत होतीं. अशा राष्ट्राच्या गळीं एका माणसाचा शब्द कसा उतरला, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक सुशिक्षित समाजाला विचार करावयास लावणारा आहे.

आडॉल्फ हिटलर हा मुळांत चित्रकार होण्याच्या इच्छेनें व्हिएन्नास गेलेला तरुण. तेथील ललितकला-अकादमीनें १९०७ व १९०८ सालीं त्याला प्रवेश नाकारला. इमारतींचीं व देखाव्यांचीं चित्रें काढून तीं विकण्यांत त्याचीं कांहीं वर्षें गेलीं. चित्रकार म्हणून त्याची बुद्धि सामान्यच होती. परंतु माणसांच्या डोळ्यांना व कानांना काय बांधून ठेवतें, हें ओळखण्याची एक विलक्षण शक्ति त्याच्या ठिकाणीं होती. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिशांनीं केलेल्या प्रचाराचा त्याच्या मनावर मोठा परिणाम झाला होता. १९२५ व १९२६ सालीं दोन भागांत निघालेल्या 'माइन काम्फ' या पुस्तकांत त्यानें आपलें प्रचारशास्त्र उघड उघड मांडलें आहे. प्रचार हा विद्वानांसाठीं नसून जनसमूहासाठीं असावा, त्यानें बुद्धीला न पटवितां भावनेला हात घालावा, थोडेच मुद्दे घ्यावे आणि ते अगदीं मंदबुद्धि माणसाच्याहि डोक्यांत शिरेपर्यंत पुन्हां पुन्हां सांगावे, असें तें शास्त्र. सकाळच्या सभेपेक्षां सायंकाळची सभा बरी, कारण दिवस मावळल्यावर माणसाची प्रतिकाराची इच्छा मंदावलेली असते, एवढा बारकावा त्यानें त्यांत नोंदविला आहे.

या शास्त्राला धरूनच पक्षाचें सारें बाह्यांग घडविण्यांत आलें. १९२० सालीं पक्षानें लाल वस्त्रावर पांढरें वर्तुळ व त्यांत काळें स्वस्तिक असा ध्वज घेतला. लाल रंग हा मजूर-चळवळीचा. तो मुद्दाम उचलण्यांत आला. भारतीय घरांत उंबरठ्यावर शुभचिन्ह म्हणून काढलें जाणारें स्वस्तिक तेथें वंशाभिमानाची व द्वेषाची खूण बनलें. हाइनरिख हॉफमन या छायाचित्रकाराकडून हिटलरनें भाषणाच्या वेळचे आपले हावभाव टिपून घेतले होते, आणि कोणता हात केव्हां उचललेला शोभतो याचा अभ्यास तो त्या चित्रांवरून करीत असे. व्यासपीठावरचा आवेश लोकांना उत्स्फूर्त वाटे. त्यामागें आरशापुढची तालीम होती.

१९२६ सालीं योझेफ गोबेल्स हा बर्लिन शाखेचा प्रमुख झाला. हायडेलबर्गच्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेला हा मनुष्य लेखणीनें व वाणीनें सारखाच तिखट होता. १९२७ सालीं त्यानें 'डेर आन्ग्रिफ', म्हणजे 'हल्ला', नांवाचें पत्र काढलें. भिंतीवरचीं भडक पत्रकें, गणवेशांतल्या मिरवणुका, सभांतल्या मारामाऱ्या, या सर्वांचा उपयोग त्यानें पक्षाचें नांव गाजत ठेवण्याकडे केला. होर्स्ट वेसेल नांवाचा पक्षाचा एक तरुण स्वयंसेवक १९३० सालीं गोळीबारांत जखमी होऊन मेला, तेव्हां गोबेल्सनें त्याला हुतात्म्याच्या पदवीस चढविलें आणि त्यानें रचलेलें गाणें पक्षाचें गीत होऊन बसलें.

एवढें करून फळ काय मिळालें? मे १९२८ च्या निवडणुकींत नाझी पक्षाला शेंकडा २.६ मतें व अवघ्या १२ जागा मिळाल्या. प्रचारशास्त्र तेंच, वक्ता तोच, ध्वजहि तोच. परंतु ऐकणारा भरल्या पोटीं होता. त्यानंतर जागतिक मंदीची लाट आली. १९३२ च्या आरंभीं जर्मनींतील बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. सप्टेंबर १९३० मध्यें याच पक्षाला १०७ जागा मिळाल्या, आणि जुलै १९३२ मध्यें मतें शेंकडा ३७ वर जाऊन जागा २३० झाल्या. त्याच वर्षीं अध्यक्षपदाच्या निवडणुकींत हिटलर विमानानें गांवोगांव फिरला. एका दिवसांत अनेक शहरांत सभा घेणारा पुढारी लोकांनीं तोंपर्यंत पाहिला नव्हता. तरीहि एप्रिल १९३२ मध्यें शेंकडा ५३ मतें मिळवून वृद्ध सेनानी हिंडेनबुर्ग हेच निवडून आले. नोव्हेंबर १९३२ मध्यें पुन्हां निवडणूक झाली, तेव्हां नाझी पक्षाचीं वीस लाख मतें घटलीं व जागा १९६ वर आल्या.

याचें कारण उघड आहे. वाटेवर अजून चौथा वाटसरू उभा होता. समाजवाद्यांचीं, कम्युनिस्टांचीं, कॅथॉलिकांचीं व उदारमतवाद्यांचीं पत्रें रोज उलट बोलत होतीं. जॉन हार्टफील्ड या चित्रकारानें छायाचित्रें कापून व जोडून हिटलरच्या गळ्यांत सोन्याच्या नाण्यांची चळत उतरलेली दाखविली, तेव्हां रस्त्यावरचा मजूर तें पाहून हंसत होता. ज्याच्यावर हंसतां येतें त्याची भीति अर्धी होते. कलेनें व प्रचारानें हिटलरला देशांतील सर्वांत मोठ्या पक्षाचा पुढारी केलें. परंतु देशाच्या मुक्त मतदानानें त्याला कधींहि बहुमत दिलें नाहीं. ३० जानेवारी १९३३ रोजीं तो चान्सेलर झाला तो फॉन पापेनप्रभृति मुत्सद्द्यांच्या कारस्थानामुळें. मंत्रिमंडळांत हिटलर धरून तीनच नाझी होते, आणि या माणसाला आपण मुठींत ठेवूं, अशी त्या मुत्सद्द्यांची समजूत होती.

प्रचाराचें खरें काम त्याच रात्रीं सुरू झालें. हजारों मशाली घेतलेल्या स्वयंसेवकांच्या रांगा ब्रांडेनबुर्ग दरवाजांतून गेल्या आणि त्याचें वर्णन नभोवाणीवरून ऐकविण्यांत आलें. बंद दाराआड ठरलेला एक व्यवहार राष्ट्राच्या कानांवर गेला तो क्रांतीच्या जयघोषाच्या रूपानें. दहा वर्षांपूर्वीं इटलींत हाच प्रयोग होऊन गेला होता. ऑक्टोबर १९२२ मध्यें मुसोलिनीला राजाचें बोलावणें आलें, तो मिलानहून रात्रीच्या आगगाडीनें रोमला आला, आणि त्यानंतर काळ्या सदऱ्यांच्या तुकड्यांची मिरवणूक निघाली. पुढें मात्र सारा इतिहास 'रोमवरील स्वारी' या नांवानें लिहिला गेला. सत्ता मागल्या दारानें मिळवावयाची व पुढल्या दारावर तोरण बांधून विजय साजरा करावयाचा, ही कला दोघांनाहि साधली होती.

पुढचे आठ महिने हे जर्मनीच्या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद महिने होत. २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्रीं राइशस्टागची इमारत जळाली आणि दुसऱ्या दिवशीं निघालेल्या वटहुकुमानें भाषण, मुद्रण व सभा यांचें स्वातंत्र्य स्थगित झालें. विरोधकांचीं पत्रें बंद पडलीं, पुढारी तुरुंगांत गेले. एवढ्या दहशतींत ५ मार्च रोजीं झालेल्या निवडणुकींतहि नाझी पक्षाला शेंकडा ४४ च्या आंतच मतें पडलीं. १३ मार्चला प्रचारखात्याची स्थापना होऊन गोबेल्स त्याचा मंत्री झाला. २१ मार्चला पॉट्सडॅमच्या जुन्या चर्चमध्यें हिटलर साध्या काळ्या नागरी पोषाखांत, फील्ड-मार्शलच्या गणवेशांतील हिंडेनबुर्गपुढें मान लववून उभा राहिला, आणि हें चित्र देशभर पसरलें. जुन्या प्रशियाच्या अभिमान्यांना वाटलें, हा तर आपल्या परंपरेचा नम्र सेवक. दोनच दिवसांनीं, २३ मार्चला, राइशस्टागनें सर्व कायदे करण्याचा अधिकार त्याच्या हातीं देऊन टाकला.

१० मे रोजीं बर्लिनच्या ऑपेरा-चौकांत वीस हजारांच्या घरांत पुस्तकें जाळण्यांत आलीं. तीं जाळणारे गुंड नव्हते. विद्यापीठांतले विद्यार्थी होते, आणि तो समारंभ गोबेल्सच्या भाषणासह नभोवाणीवरून ऐकविण्यांत आला. परंतु होळीपेक्षांहि परिणामकारक असें एक काम सप्टेंबरांत झालें. त्याचा धूर दिसला नाहीं, म्हणून त्याची आठवणहि कमी राहिली. २२ सप्टेंबर १९३३ च्या कायद्यानें 'राष्ट्रीय सांस्कृतिक मंडळ' निघालें. वाङ्मय, वृत्तपत्र, नभोवाणी, नाट्य, संगीत, चित्रपट व चित्र-शिल्पादि कला, अशीं त्याचीं सात उपमंडळें होतीं. ज्याला यांपैकीं एकाचें सभासदत्व नाहीं, त्याला आपल्या कलेवर पोट भरतां येईना. ज्यू कलावंतांना क्रमाक्रमानें बाहेर काढण्यांत आलें. ऑक्टोबरांत संपादकांसाठीं असाच कायदा झाला. कोणती बातमी कोठें व किती मोठी छापावी, याच्या सूचना बर्लिनमध्यें वार्ताहरांना रोज मिळूं लागल्या. वृत्तपत्रांचीं नांवें जुनींच राहिलीं, अक्षरांचे वळणहि तेंच. घरीं सकाळीं येणारें पत्र ओळखीचें दिसे. आंतला बोलणारा मात्र एकच झाला होता. तीन ठकांनीं तीन ठिकाणीं बसावें, तशी ही व्यवस्था होती.

कलावंतांपैकीं टोमास मान, बेर्टोल्ट ब्रेख्ट, वास्तुकार ग्रोपियस, चित्रपट-दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांच्यासारखे अनेक देश सोडून गेले. चित्रकार माक्स लीबरमन यानें मे १९३३ मध्यें प्रशियन अकादमीशीं असलेला आपला संबंध तोडला. कित्येक मात्र राहिले, आणि राजवटीला त्यांच्या कीर्तीचा उपयोग झाला. सुप्रसिद्ध संगीतकार रिखार्ड श्ट्राउस यानें संगीत-मंडळाचें अध्यक्षपद स्वीकारलें. आपल्या कलेचें कांहीं हित साधेल, असें त्याला वाटलें असावें. १९३५ सालीं, आपल्या ऑपेराचें काव्य लिहून देणारा ज्यू लेखक श्टेफान त्स्वाइग याला त्यानें पाठविलेलें एक मोकळें पत्र गुप्त पोलिसांच्या हातीं पडलें व त्याला तें पद सोडावें लागलें. हुकूमशाहीला कलावंताची कला फारशी लागत नाहीं. तिला त्याचें नांव लागतें, आणि तें वापरून झालें कीं ती त्याला बाजूस सारते.

या सर्व साधनांत नभोवाणीचें स्थान निराळें आहे. इतर कला माणसाला घराबाहेर बोलावतात. नभोवाणी घरांत येऊन बसते. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, जर्मन नभोवाणी सरकारच्या पुरत्या ताब्यांत आणण्याचें काम हिटलरनें केलेलें नाहीं. तें १९३२ सालीं पापेनच्या सरकारनें आधींच करून ठेविलें होतें. तयार झालेलें यंत्र नव्या धन्याच्या हातीं आयतें पडलें. ऑगस्ट १९३३ मध्यें बर्लिनच्या प्रदर्शनांत 'जनतेचा रेडिओ' मांडण्यांत आला. त्याचा क्रमांक होता ३०१. हिटलर चान्सेलर झाला त्या ३० जानेवारीची ती आठवण. त्याची किंमत ७६ मार्क होती, आणि १९३८ सालीं ३५ मार्कांचें आणखी स्वस्त यंत्र निघालें. लोक त्याला थट्टेनें 'गोबेल्सचें थोबाड' म्हणत. १९३३ च्या आरंभीं सुमारें ४३ लाख परवाने होते; युद्ध सुरू झालें तेव्हां ही संख्या एक कोटीच्या वर गेली होती. ज्यांच्या घरीं यंत्र नव्हतें त्यांच्यासाठीं कारखान्यांत व चौकांत कर्णे बसविण्यांत आले. पुढाऱ्याचें भाषण असलें कीं काम थांबवून सर्वांनीं ऐकावें, असा हुकूम सुटे.

परंतु नुसत्या भाषणांनीं श्रोता कंटाळतो, हें गोबेल्सला लवकरच कळलें. म्हणून संगीत, विनोद, नाच यांचें प्रमाण वाढविण्यांत आलें. त्या बारा वर्षांत निघालेल्या सुमारें हजार बोलपटांपैकीं बहुसंख्य बोलपट निव्वळ करमणुकीचे होते. करमणूक हाहि प्रचाराचाच भाग होता : हंसणारा व गुणगुणणारा मनुष्य शेजारच्या घरांतून कोण नाहींसें झालें, याची चौकशी करीत नाहीं.

दृश्य कलेचा कळस न्यूरेंबर्गच्या वार्षिक मेळाव्यांत झाला. १९३४ च्या मेळाव्यासाठीं वास्तुकार आल्बर्ट स्पीअर यानें विमानदलाचे १३० प्रकाशझोत मैदानाभोंवतीं उभे करून ते सरळ आकाशांत सोडले. पाहणारांना आपण प्रकाशाच्या खांबांनीं बांधलेल्या एका अफाट मंदिरांत उभे आहों, असा भास झाला. या कल्पनेचा उगम स्पीअरनेंच पुढें आठवणींत सांगितला आहे. पक्षाच्या अंमलदारांची पोटें सुटलेलीं होतीं व त्यांना रांगेंत नीट चालतांहि येत नसे. तेव्हां त्यांना अंधारांतच चालवावें, असें त्यानें सुचविलें. हुकूमशाहीच्या सौंदर्यशास्त्राचें याहून चांगलें भाष्य मिळणें कठीण. प्रकाश जितका वर आकाशांत, तितका जमिनीवरचा माणूस दृष्टीआड. याच मेळाव्यावर लेनी रीफेनश्टाल हिनें दीडशेंहून अधिक माणसांच्या साहाय्यानें 'इच्छाशक्तीचा विजय' हा चित्रपट तयार केला. तो मार्च १९३५ मध्यें दाखविण्यांत आला. ढगांतून उतरणारें पुढाऱ्याचें विमान हें त्याचें पहिलें दृश्य. लाखों माणसें त्यांत आहेत, पण वाद घालणारा, शंका विचारणारा, घड्याळाकडे पाहणारा असा एकहि नाहीं. १९३७ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत या चित्रपटाला सुवर्णपदक मिळालें. कारागिरी पाहून परके परीक्षकहि हेतु विसरले.

कलेवर सत्ता गाजविण्याचा हा उद्योग किती दूर गेला, हें १९३७ च्या म्युनिचमध्यें दिसून आलें. १८ जुलै रोजीं तेथें 'जर्मन कलामंदिरा'चें उद्घाटन झालें. आंत धष्टपुष्ट वीर, सुखी शेतकरी कुटुंबें व शांत देखावे मांडलेले होते. दुसऱ्याच दिवशीं, जवळच्या एका इमारतींतील अरुंद दालनांत, 'भ्रष्ट कला' या नांवाचें दुसरें प्रदर्शन उघडलें. देशांतील संग्रहालयांतून जप्त केलेल्या आधुनिक कलाकृतींपैकीं सुमारें ६५० कृति तेथें दाटीवाटीनें टांगल्या होत्या, भिंतींवर टवाळीचीं वाक्यें लिहिलीं होतीं, आणि चलनवाढीच्या काळांतल्या फुगलेल्या किंमती मुद्दाम लिहून, करदात्याचा पैसा असा उधळला असें सुचविलें होतें. प्रवेश फुकट होता. चार महिन्यांत वीस लाखांहून अधिक लोकांनीं तें पाहिलें; शेजारच्या अधिकृत कलामंदिराला त्याच्या निम्मेहि प्रेक्षक लाभले नाहींत. गर्दींतील सर्वच लोक थुंकण्यासाठीं आले होते काय, हें कोणास विचारतां येणार? मत छापण्याची तर मुभाच नव्हती. नोव्हेंबर १९३६ मध्यें कलाटीकेवर बंदी येऊन टीकाकाराच्या जागीं नुसता 'कलावृत्त' देणारा आला होता.

या प्रदर्शनांत एमिल नोल्डे या चित्रकारालाहि उभें केलें होतें. तो स्वतः नाझी पक्षाचा सभासद व त्या मताचा अभिमानी होता. तरीहि संग्रहालयांतून त्याच्या हजाराहून अधिक कृति काढण्यांत आल्या. एर्न्स्ट लुडविग किर्खनर यानें पुढच्याच वर्षीं स्वित्झर्लंडमध्यें आत्महत्या केली. जप्त मालांतून १२५ निवडक कृति जून १९३९ मध्यें लुसर्न येथें लिलावास काढण्यांत आल्या. ज्या कलेला राष्ट्राचें विष म्हटलें होतें, तिचे परकी चलनांतले पैसे मात्र राष्ट्राला चालले.

या साऱ्या रोषणाईच्या बुडाशीं काय होतें, तें युद्धकाळांत उघडें पडलें. १९४० सालीं फाइट हार्लान याचा 'ज्यू झ्युस' हा बोलपट निघाला. उत्तम नट, देखणे पोषाख, करुण प्रेमकथा, आणि तिच्यांत मिसळलेला ज्यूंचा द्वेष, अशी त्याची घडण होती. सुमारें दोन कोटी लोकांनीं तो पाहिला. हिमलरनें आपल्या पोलिसांना व एस्. एस्. दलाला तो पाहण्याची आज्ञा केली. या युद्धांत साठ लाख ज्यूंची कत्तल झाली. ती बोलपटानें केली, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु शेजाऱ्याला गाडींत कोंबून नेतांना खिडकी लावून घेणारें मन एका दिवसांत तयार होत नाहीं. त्याला वर्षानुवर्षें खतपाणी घालावें लागतें.

१ सप्टेंबर १९३९ पासून परकी नभोवाणी ऐकणें हा गुन्हा ठरला, ऐकलेली बातमी पसरविणाऱ्यास देहान्तापर्यंत शिक्षा ठेवण्यांत आली, आणि ताकीद देणाऱ्या चिठ्ठ्या रेडिओच्या कळींना अडकविण्यांत आल्या. ही भीतीच पुष्कळ कांहीं सांगून जाते. सारें राष्ट्र खरोखरच मंत्रमुग्ध झालें असतें, तर दुसरा आवाज ऐकण्याला एवढी शिक्षा कशाला?

१८ फेब्रुवारी १९४३ हा दिवस या दृष्टीनें स्मरणीय आहे. स्टालिनग्राडला जर्मन सैन्यानें शरणागति पत्करून अवघा पंधरवडा झाला होता. बर्लिनच्या क्रीडागृहांत निवडून आणलेल्या हजारों श्रोत्यांपुढें गोबेल्सनें संपूर्ण युद्धाची हांक दिली, एकामागून एक प्रश्न विचारले, आणि प्रत्येक प्रश्नाला गर्जना करून होकार मिळाला. ती गर्जना नभोवाणीनें देशभर पोंचविली. ऐकणाराला वाटावें, सारा देशच होकार देत आहे. त्याच दिवशीं म्युनिचच्या विद्यापीठांत हान्स शोल हा चोवीस वर्षांचा विद्यार्थी व सोफी ही त्याची एकवीस वर्षांची बहीण तासिकांच्या वर्गांबाहेर पत्रकें ठेवीत होतीं. उरलेलीं पत्रकें वरच्या मजल्यावरून खालच्या चौकांत सोडून देण्यांत आलीं, आणि विद्यापीठाच्या एका नोकरानें त्या दोघांना पकडलें. युद्ध हरलें आहे व राजवट खुनी आहे, हें त्या पत्रकांचें म्हणणें. २२ फेब्रुवारीला त्या दोघांचा व क्रिस्टोफ प्रोब्स्ट या त्यांच्या मित्राचा शिरच्छेद झाला. एकीकडे मंत्री, क्रीडागृह व देशभरचे कर्णे. दुसरीकडे हातानें चालविण्याचें एक प्रतिमुद्रण-यंत्र आणि टपालाचीं तिकिटें. तरीहि त्या पत्रकांना माफी मिळाली नाहीं. चौथ्या वाटसरूचे चार शब्द किती जड असतात, हें राजवटीला पुरतें ठाऊक होतें. पुढें तें पत्रक चोरवाटेनें इंग्लंडला पोंचलें आणि त्याच वर्षीं ब्रिटिश विमानांनीं त्याच्या असंख्य प्रति जर्मनीवर टाकल्या.

१ मे १९४५ च्या रात्रीं हँबर्ग नभोवाणीनें वाग्नर व ब्रुकनर यांचें गंभीर संगीत वाजविलें, आणि हिटलर शेवटच्या श्वासापर्यंत लढतां लढतां पडला, असें जाहीर केलें. वास्तविक त्यानें आदल्या दिवशींच आत्महत्या केली होती. बारा वर्षांपूर्वीं मशालींच्या वर्णनानें सुरू झालेली ही नभोवाणी अखेरच्या बातमींतहि खरें बोलूं शकली नाहीं. कथेंतल्या ब्राह्मणाचा एक बोकड गेला. जर्मनीनें स्वतःचीं शहरें, स्वतःची लक्षावधि माणसें व स्वतःचें नांव गमावलें, आणि इतर राष्ट्रांचें तर त्याहून अधिक गेलें.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीनें यापासून जो धडा घेतला, तो प्रचाराला प्रतिप्रचारानें उत्तर देण्याचा नव्हता. तेथील नभोवाणी एका केंद्राच्या हातीं न देतां प्रांतोप्रांतीं निरनिराळ्या स्वायत्त संस्था काढण्यांत आल्या आणि १९५० सालीं त्यांनीं आपला संघ बनविला. १९४९ च्या राज्यघटनेनें मतस्वातंत्र्याबरोबरच कलेचें स्वातंत्र्यहि नमूद केलें. १९६१ सालीं खुद्द लोकनियुक्त सरकारनें आपलें वेगळें दूरचित्रवाणी-केंद्र काढण्याचा घाट घातला, तेव्हां तेथील घटना-न्यायालयानें तो बेत हाणून पाडला. सरकार हुकूमशाही नव्हतें. परंतु १९३२ सालचें सरकारहि हिटलरचें नव्हतें, आणि त्यानें तयार ठेविलेलें यंत्र कोणाच्या हातीं गेलें, हें न्यायाधीशांनीं पाहिलें होतें. ठक वाटेवर बसणार, हें गृहीत धरून चालावें लागतें. वाट मात्र सर्वांसाठीं मोकळी राहिली, म्हणजे तिच्यावरून कोणी तरी चौथा येतोच.